जवळची खूण

मोबाईलवर काहीही मागवायचं म्हटलं की पत्त्याचा फॉर्म समोर येतो. नाव, फोन नंबर, पिनकोड, घर क्रमांक, रस्ता. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, ज्याच्यापुढे बारीक अक्षरात 'ऐच्छिक' लिहिलेलं असतं: जवळची खूण. पुण्यात तो रिकामा सोडला तरी पार्सल येतं. आमच्या अर्धापुरात उलटं आहे. तिथे बाकीचे रकाने ऐच्छिक आणि हा एकच सक्तीचा. घर क्रमांक घरपट्टीच्या पावतीवर असतो आणि पावती कपाटात असते. रस्त्याला नाव असलंच तर ते पाटीवर असतं, कुणाच्या तोंडात नसतं. तोंडात असतं ते असं: 'मारुतीच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून, निळं गेट.'

मी गेली पाच वर्षं या एका रकान्यावर पोट भरतोय. डिलिव्हरीसाठी पत्ते वाचणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका टीममध्ये आहे. लोकांनी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि या तिन्हींच्या खिचडीत लिहिलेले पत्ते घ्यायचे, त्यातली खूण कुठली ते ओळखायचं आणि ती नकाशावरच्या एका ठिपक्यात बसवायची. 'च्या मागं', 'ओलांडून', 'अलीकडं' हे शब्द मशीनला शिकवणं सोपं नाही. कुणाच्या अलीकडं, हे बोलणारा कुठून येतोय त्यावर ठरतं. नांदेडहून येणाऱ्याचं अलीकडं ते हिंगोलीहून येणाऱ्याचं पलीकडं.

हे करता करता एक प्रश्न डोक्यात बसला. तो तांत्रिक नाही, म्हणून सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारता येत नाही. गावातली एखादी गोष्ट सगळ्यांची खूण होते ती कशी? आणि ती खरंच सगळ्यांची असते का?

अर्धापूर नांदेडपासून विसेक किलोमीटरवर, नागपूर-तुळजापूर महामार्गावर. तालुक्याचं ठिकाण आहे, पण नांदेडच्या माणसाला विचाराल तर खेडंच. बाहेरच्यांना ते केळीमुळे माहीत. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी, केळी, ऊस, हळद, असा आमचा बागायती पट्टा. शेतीच्या पुस्तकांत केळीच्या वाणांची यादी असते, तिथे बसराई, श्रीमंती यांच्या जोडीला 'अर्धापुरी' असं चक्क गावाचं नाव सापडतं. आता बागा बहुतेक टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैनच्या आहेत. नाव तेवढं पुस्तकात राहिलं. गावात केशवराजाचं जुनं मंदिर आहे. इथे मिळालेल्या शिलालेखात रट्ट घराण्यातल्या बल्लाळ राजाचं नाव येतं, म्हणजे गाव केळीच्या कितीतरी आधीचं.

गावाची माहिती लिहायला सांगितली तर शाळेतलं पोरगं हेच लिहील: मंदिर, शिलालेख, केळी, साखर कारखाना. पण अर्धापुरात पत्ता सांगताना कुणी शिलालेख सांगत नाही. रोजच्या खुणा वेगळ्या. वेस, पार, बसस्टँड, पाण्याची टाकी, कालव्याचा पूल, मोबाईलचा टॉवर, गिरणी. उन्हाळ्यात रसवंती, जी पाऊस पडला की खूण म्हणून रद्द होते. शेतांना तर घरोघरी नावं आहेत. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण घरात कुणी गट नंबर बोलत नाही. 'चिंचेचं वावर', 'खालचा मळा', 'आखाड्याचं रान'. आमच्या चिंचेच्या वावरात चिंच नाही. ती आजोबांच्या लहानपणीच पडली. माझ्या वडिलांनीही ती पाहिलेली नाही, तरी कालवा फुटला तेव्हा ते फोनवर मला सांगत होते, 'पाणी पार चिंचेपर्यंत आलंय.' आणि कुठपर्यंत आलंय ते मला बरोबर कळलं.

नसलेल्या वस्तूही खुणा असतात, हे कामात रोज दिसतं. महामार्गाचं चौपदरीकरण झालं तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. फाट्यावरचा मोठा लिंब त्यातच गेला. आज तिथे दुभाजक आहे आणि त्यात कन्हेर लावलेली आहे. पण बसमधली म्हातारी माणसं अजून कंडक्टरला म्हणतात, 'लिंबापाशी थांबवा.' कंडक्टर जुना असेल तर थांबवतो. नवा असेल तर विचारतो, 'कुठला लिंब?' मग सगळी बस हसते.

हे हसणं मला पूर्वी फार गोड वाटायचं. गावाच्या स्मरणशक्तीवर लेख लिहावा असं. हळूहळू त्यातली दुसरी बाजू लक्षात यायला लागली. पडलेला लिंब ही खूण कुणाच्या उपयोगाची? ज्याला ठिकाण आधीच माहीत आहे त्याच्या. नव्याने बदली होऊन आलेल्या नर्सच्या, ऊसतोडीला आलेल्या टोळीच्या, नुकत्याच लग्न करून आलेल्या सुनेच्या ती काहीच कामाची नाही. तेव्हा ती रस्ता दाखवायची खूण राहत नाही, पासवर्ड होते. माहीत असेल तर आत, नसेल तर बाहेर.

खुणा लक्षात ठेवायची सोय माणसांनी फार पूर्वीपासून केलेली आहे. जुन्या ताम्रपटांत दान दिलेल्या जमिनीच्या चारही दिशांना काय आहे ते सांगितलेलं असतं. आजच्या खरेदीखतातही 'चतुःसीमा' हा मजकूर असतोच: पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस पांदण, पश्चिमेस नाला. म्हणजे माझी जमीन कुठली, तर तुझी संपते तिथून सुरू होणारी. शेजाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय माझी मालकी सांगताच येत नाही. मराठवाड्यात धुऱ्यावरून किती डोकी फुटली असतील त्याची गणती नाही, पण त्या भांडणातही दोघांना एकमेकांचा धुरा पाठ असतो.

इंग्लंडच्या खेड्यांत याची गमतीदार पण थोडी निर्दय चाल होती. वर्षातून एकदा गावकरी चर्चच्या हद्दीची शीव पायी फिरायचे. बरोबर गावातली पोरं घ्यायची. शिवेवरचा दगड आला की पोराला उचलून त्या दगडावर आपटायचं, नाहीतर छडीचा एक तडाखा द्यायचा. कारण साधं: नकाशे नव्हते, आणि साठ वर्षांनी वाद उभा राहिला तर हद्द कुठे होती हे सांगायला जिवंत साक्षीदार हवा. अंगाला लागलेली जागा माणूस विसरत नाही.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या अपाची लोकांमध्ये कीथ बासो नावाचा मानववंशशास्त्रज्ञ बरीच वर्षं जाऊन राहिला. १९९६ साली त्याचं या विषयावरचं पुस्तक आलं. तिथल्या प्रत्येक ओढ्या-टेकडीच्या नावामागे एक गोष्ट असते आणि बहुतेक गोष्टी कुणीतरी चुकीचं वागल्याच्या असतात. कुणी वावगं वागलं की म्हातारी माणसं त्याला थेट बोलत नाहीत, नुसती त्या जागेची गोष्ट सांगतात. मग तो माणूस तिथून जाईल तेव्हा ती जागाच त्याच्याकडे बघते. आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नाही. 'त्या विहिरीकडं जाऊ नको' असं सांगताना आजी कधीच कारण सांगायची नाही. कारण मोठं झाल्यावर कळतं, आणि ते भुताचं नसतं. एखाद्या बाईचं असतं, आणि तिच्या सासरचं.

म्हणजे खूण ही नुसती दिशा नव्हे. गावाला काय आठवायचंय, कुणाला मान द्यायचाय, कुणाला दूर ठेवायचंय, हे सगळं तिच्यात भरलेलं असतं. मग ती न्याय्य आहे की नाही, हे विचारायला हवं ना?

केव्हिन लिंच या नगररचनाकाराचं १९६० सालचं एक पुस्तक आमच्या क्षेत्रात अजून वाचलं जातं. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या माणसांच्या डोक्यात शहराचं चित्र कसं असतं, याचा अभ्यास त्याने केला. रस्ते, कडा, विभाग, चौक आणि लँडमार्क असे पाच घटक त्याने सांगितले. लँडमार्कबद्दल तो एक साधी गोष्ट म्हणतो: माणूस लँडमार्कच्या आत जात नाही, तो त्याच्याकडे बाहेरून बघून वाट शोधतो. लिंच शहरांबद्दल बोलत होता. मला ते वाक्य वाचताना गाव आठवलं. देवळाचा कळस बघून पिढ्यान्‌पिढ्या वाट शोधणारी आणि त्या देवळाची पायरी न चढू दिलेली माणसं आपल्याकडे किती! १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह करावा लागला, तेव्हा त्या मंदिराचा पत्ता आंदोलकांना कुणी सांगायची गरज नव्हती. खूण सगळ्यांची होती. आत जायचा हक्क नव्हता.

गावातल्या बाकीच्या खुणांनाही हे लावून बघा. पाटलाचा वाडा सगळ्या गावाची खूण, कारण पाटील सगळ्यांना माहीत असणं भाग होतं. पाटलाला मात्र सगळी घरं माहीत असण्याची गरज नव्हती. पार ही तर मराठी कथा-कादंबऱ्यांची लाडकी जागा. पण माझ्या आईने तीस वर्षांत पारावर बूड टेकलेलं मी पाहिलं नाही. तिच्या खुणा वेगळ्याच आहेत: गिरणी, अंगणवाडी, बचत गटाची मीटिंग होते ते घर, आणि जिथे पूर्वी नळ होता ती जागा. बाहेरच्या माणसाने तिला रस्ता विचारला तर ती या खुणा सांगत नाही. ती पुरुषांच्या खुणा सांगते, कारण विचारणाऱ्याला तेवढ्याच कळतील असं तिला वाटतं. पत्ते बहुतेक पुरुषांच्या नावाने लिहिलेले असतात, त्यामुळे आमच्या डेटामध्ये पार हजार वेळा येतो आणि अंगणवाडी शोधावी लागते.

याहून अवघड प्रकार म्हणजे माणसंच खूण होतात तो. डिलिव्हरी करणारी मुलं स्वतःच्या सोयीसाठी ॲपमध्ये टिपणं लिहितात. 'हिरवं गेट, कुत्रं बांधलेलं नाही' हे उपयोगाचं. पण 'लंगड्या मामाच्या समोर', 'येडीच्या घराशेजारी', 'पोरगी पळून गेली त्यांच्या बाजूला' हेही असतं. ही मुलं दुष्ट नाहीत. गाव जे बोलतं तेच ती लिहितात. पण गावात बोललेलं वाऱ्यावर तरी जातं. ॲपमध्ये लिहिलेलं सर्व्हरवर बसतं आणि पुढच्या मुलाला दिसतं, त्याच्या पुढच्यालाही दिसतं. ज्या घरातली मुलगी दहा वर्षांपूर्वी आपल्या मनाने लग्न करून गेली, त्या घराला ती ओळख कायमची चिकटते. ही टिपणं आम्ही काढून टाकतो. त्यावर टीममध्ये कुणाचा वाद नव्हता.

वाद झाला तो दुसऱ्या गोष्टीवर.

पत्त्यात खूण लिहिलेली नसेल, किंवा अपुरी असेल, तर ती मशीनने स्वतः भरावी अशी एक कल्पना पुढे आली. आजूबाजूच्या घरांच्या पत्त्यांमध्ये जी खूण सगळ्यात जास्त वेळा येते, ती उचलायची आणि डिलिव्हरीवाल्याच्या स्क्रीनवर ठळक अक्षरात दाखवायची. बेंगळुरूच्या एखाद्या कॉलनीसाठी हे झकास आहे. मी मराठवाड्यातल्या गावांवर चालवून बघितलं. काही वस्त्यांसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी खूण म्हणून जातीवरून पडलेली जुनी नावं वर आली.

नीट समजून घ्या, यात काय होत होतं. एका मुलीने पत्त्यात लिहिलेलं आहे: भीमनगर. तिच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाकीचे लोक आपापल्या पत्त्यात लिहितात: अमुकवाड्याच्या अलीकडं. मशीन मोजतं, बहुमत बघतं, आणि त्या मुलीने स्वतः निवडलेलं नाव बाजूला सारून शेजाऱ्यांनी तिला दिलेलं नाव तिच्या पार्सलवर छापतं. कुणाचा हेतू नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त बेरीज झाली.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की वस्त्यांची महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक नावं बदलायची आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. निर्णय योग्यच होता. पण नावं गावोगाव तीच ती असल्यामुळे आणि वस्त्या जिथे होत्या तिथेच असल्यामुळे, 'समतानगर म्हणजे कुठलं' हे तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. शिवाय अनेक ठिकाणी भीमनगर हे नाव सरकारने दिलेलंच नाही. लोकांनी ते कितीतरी आधी स्वतः लावलं, कमान उभारली, वर्गणी काढली. सरकारने दिलेलं नाव आणि आपण घेतलेलं नाव यांची अक्षरं एक असली तरी वजन एक नसतं. आमचं मशीन दोन्ही पुसत होतं.

एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की डेटा हा डेटा असतो. लोक जे नाव वापरतात तेच दाखवलं तर पार्सल लवकर पोचतं, आणि त्या मुलीलाही पार्सल हवंच आहे. हे म्हणणं हलकं नाही. गरीब वस्तीत उशिरा पोचणं हाही अन्यायच आहे. दुसऱ्याने सुचवलं, त्या शब्दांची यादी करू आणि ते गाळू. पण गाव यादीत मावत नाही. जातीचं नाव गाळलं तर 'नाल्यापलीकडची वस्ती' येतं. ते गाळलं तर 'खालची आळी'. सगळ्यांना कळतं की म्हणायचं काय आहे. कुठला शब्द वाईट, हे ठरवून भागत नव्हतं. कुठली खूण चांगली, हे ठरवणं भाग होतं.

तेव्हा मला माझ्या एका वर्गमित्राचं बोलणं आठवलं. तो अशाच एका वस्तीत वाढलेला, आता हैदराबादला नोकरी करतो. मी एकदा त्याच्याजवळ हळहळत होतो की गुगल मॅपमुळे माणसं एकमेकांना रस्ता विचारेनाशी झाली. तो म्हणाला, 'तुला विचारायला आवडत असेल. मला नाही. मी रस्ता विचारला की समोरचा आधी विचारतो, कुणाचा रे तू? मी सांगितलं की त्याचा चेहरा बदलतो, मग तो रस्ता सांगतो. मॅप मला काही विचारत नाही. कुठं जायलास, कामून जायलास, काही नाही. निळा ठिपका आहे, त्याच्या मागं जायचं.'

'कोनाचं लेकरू हाय हे?' हा प्रश्न माझ्यासाठी चहाचं आमंत्रण असतो. आजोबांचं नाव सांगितलं की खाट सरकवली जाते. तोच प्रश्न त्याच्यासाठी तपासणी नाका आहे. विचारणारा माणूस एकच, प्रश्नाचे शब्दही तेच. मुसलमान मुलाला विचारा, दुसऱ्या जातीच्या मुलीशी लग्न करून पहिल्यांदा गावी आलेल्या जोडप्याला विचारा, एकट्या फिरणाऱ्या बाईला विचारा. गावात हरवणं शक्य नसतं, हे आपण कौतुकाने सांगतो. काहींना थोडं हरवायचं असतं.

यातून मी एक कसोटी काढली आणि ती मीटिंगमध्ये मांडली. चांगली खूण ती, जिच्यापाशी कुणीही माणूस दहा मिनिटं उभा राहू शकतो आणि त्याला 'कुणाचा तू' असं कुणी विचारत नाही. वाडा यात नापास. पार निम्मा नापास. बसस्टँड पास, त्याची मुतारी कितीही घाण असली तरी. जिल्हा परिषदेची शाळा, पोस्ट, बँक, सरकारी दवाखाना, पाण्याची टाकी, पाणपोई हे सगळे पास. देऊळ, मशीद, विहार यांचं जागा बघून ठरवावं लागतं. सौंदर्याच्या दृष्टीने ही यादी भिकार आहे, मला मान्य आहे. पाण्याच्या टाकीवर कुणी कविता करणार नाही. पण टाकीच्या सावलीत ऊसतोडीची बाई लेकरू घेऊन बसते आणि तिला कुणी उठवत नाही.

कुणी म्हणेल, मग गावाचं गावपण काय राहिलं? माझ्या मते हे गावपण जपणाऱ्यांनी आधी हे सांगावं की त्यांना गावात कोणत्या नावाने ओळखतात. ज्यांचं नाव मानाने घेतलं जातं त्यांना जुन्या खुणांचा लळा जास्त असतो. मलाही आहे. चिंचेचं वावर हे नाव मी माझ्या मुलांना सांगणारच. पण ते माझ्या घरातलं नाव आहे. ते दुसऱ्याच्या पार्सलवर छापायचा हक्क मला नाही.

खुणा बदलतात, त्या माणसं बदलू शकतात, याचा पुरावा अर्धापूर तालुक्यातच आहे. दाभडजवळ बावरीनगरला महाविहार आहे. दरवर्षी पौष पौर्णिमेला तिथे धम्म परिषद भरते, लांबलांबून लोक येतात. बावरी हे नाव पाली साहित्यातलं. सुत्तनिपातात गोदावरीच्या काठी राहणारा बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण येतो. त्याने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवले. ते कोणत्या वाटेने गेले हेही तिथे सांगितलं आहे: पैठण, महिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती, आणि शेवटी राजगृहाच्या बाजूला. एकामागून एक गावांची नावं, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या प्रवासाचा पत्ता खुणांनीच सांगितलेला. ज्या समाजाला गावाने कायम 'शिवेबाहेर' असा पत्ता दिला, त्याने गोदावरीखोऱ्यातली एवढी जुनी वाट शोधून काढली आणि तिच्या नावाने महामार्गावर स्वतःची खूण उभी केली. आता बसमध्ये सगळ्या जातीचे लोक म्हणतात, 'बावरीनगरच्या अलीकडं उतरायचंय.' दहा मिनिटं उभं राहिलं तर तिथे कुणी काही विचारत नाही. चहा मात्र विचारतात.

शेवटी टीममध्ये ठरलं ते असं. माणसाने स्वतः लिहिलेली खूण सगळ्यात वर, तिच्यावर मशीनने हात फिरवायचा नाही. मशीनला स्वतः खूण भरायची असेल तर फक्त सार्वजनिक ठिकाणांतून निवडायची. शेजाऱ्यांच्या बहुमताने नाही. याची किंमत होती. काही गावांत डिलिव्हरीवाल्यांना जास्त फोन करावे लागले, वेळ वाढला, आणि तो आकडा महिन्याच्या अहवालात सगळ्यांसमोर आला. मला अजूनही वाटतं की ती किंमत द्यायलाच हवी होती. सहकाऱ्याला अजूनही वाटतं की मी तत्त्वाच्या नावाखाली त्या मुलीचं पार्सल अर्धा तास उशिरा पोचवलं. आम्ही दोघं अजून जेवायला बरोबर बसतो.

पुढे हा सगळा वाद निकालीच निघेल असं काहींना वाटतं. पत्त्याचे आकडे आपल्याकडे आणले ते एका मराठी माणसानेच. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांची सहा आकडी पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावं आणि अनेक लिप्यांतले पत्ते, हा घोळ तिने सोडवला. पण पिनकोड टपाल कार्यालयापर्यंत नेतो, पुढचं पोस्टमनच्या डोक्यात. आता टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. देशाची जमीन साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटली आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी संकेत दिला. त्यात जात नाही, वाडा नाही, पडलेला लिंब नाही. आमच्या आखाड्यालाही संकेत आहे. रात्री तिथे कुणाला साप चावला तर अँब्युलन्सला 'चिंचेच्या वावरातून डावीकडं' सांगत बसण्यापेक्षा तो संकेत लाखमोलाचा. माझ्या वर्गमित्राला डिजिपिन मनापासून आवडला.

मी आईला तिच्या घराचा संकेत काढून दाखवला. तिने चष्मा लावून दहा अक्षरं वाचली, वहीत गॅस सिलिंडरच्या नंबराखाली लिहून ठेवली आणि विचारलं, 'मग त्या पोराला हे वाचता येतं का?' मी म्हटलं, 'त्याच्या फोनला येतं.' 'बरं,' ती म्हणाली.

त्यानंतरही तिने मागवलेल्या गोष्टींचे पत्ते मी बघतो, मुलगा म्हणून, कामाचा भाग म्हणून नाही. जवळची खूण या रकान्यात तिने मारुती लिहिलेला नाही, गिरणी नाही, बाबांचं नाव नाही, डिजिपिनही नाही. आमच्याकडे येणाऱ्या पत्त्यांत, गाव असो की शहर, त्या रकान्यात जे सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं दिसतं तेच तिनेही लिहिलंय: 'आल्यावर फोन करा.' त्यापुढे स्वतःचं नाव आणि स्वतःचा नंबर. फोन वाजला की ती पदर सावरत गेटपाशी येते आणि हात वर करून उभी राहते.